मेगुरोचं तोंकी: मेनूत तीनच पदार्थ, आणि तेवढ्यासाठी मुद्दाम जावं असं हॉटेल

टोकियोत तोंकात्सु कुठं खायचा असं कोणी विचारलं की मी पहिलं नाव मेगुरोच्या तोंकीचं घेतो. यापेक्षा जाड, यापेक्षा मऊ, यापेक्षा भारी जातीच्या डुकराचा कात्सु देणारी हॉटेलं या शहरात खूप आहेत, त्यातल्या काही ठिकाणी मी जेवलोय पण, आणि ती चांगलीच आहेत. पण तोंकीत ताट समोर येईपर्यंतचा जो वेळ असतो ना, तोच मला ताटाइतका आवडतो, कारण मांसाचा तुकडा उचलल्यापासून ते तुमच्यापुढं ठेवेपर्यंत सगळा कारभार तुमच्या डोळ्यांसमोर चालतो आणि त्यातलं काहीही भिंतीमागं लपवलेलं नसतं. 1939 पासून ही मंडळी हेच करतायत. रोसुकात्सु (पाठीकडच्या मांसाचा), हिरेकात्सु (आतल्या मऊ मांसाचा) आणि कुशिकात्सु (काडीला लावून तळलेला). बस्स, एवढाच मेनू.

ज्यांनी कधी खाल्ला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तोंकात्सु म्हणजे डुकराच्या मांसाचा चांगला बोटभर जाड तुकडा, त्याला आधी मैदा, मग अंडं, मग पावाचा जाडसर चुरा लावायचा आणि भरपूर तेलात किंवा चरबीत बुडवून तळायचा. हाड नाही, आत मसाला नाही, वाटण नाही, मीठ-मिरी तेवढी. तळून झाला की उभे काप करून द्यायचा, बाजूला केसासारखा बारीक चिरलेला कच्चा कोबी, भात, मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) आणि लोणचं. हे सगळं मिळून जे ताट होतं त्याला तेइशोकु म्हणतात आणि कात्सुच्या हॉटेलात ९० टक्के लोक तेच मागवतात असं म्हटलं तरी चालेल, वेगळं काही मागवायचं डोक्यात येतच नाही.

आणि हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडचे लोक टोकियोला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, तिथं डुकराशिवाय दुसरं काही मिळतं का. तोंकीत डुकराशिवाय काहीही नाही. तळायला पण डुकराची चरबीच, आणि सूपमध्येसुद्धा मांसाचे तुकडे असतात. त्यामुळं पोर्क न खाणाऱ्या किंवा शाकाहारी माणसाला तिथं नेऊन नुसता भात-कोबी खायला लावू नका, त्या बिचाऱ्यालाही कसंतरी होतं आणि आपलंही जेवणात लक्ष लागत नाही. दुसऱ्या बऱ्याच कात्सुच्या हॉटेलांत कोळंबीचा एबीफुराय मिळतो, चिकनचा पण मिळतो, कुठंकुठं बटाट्याचं कोरोक्के असतं, पण तळायची कढई बहुतेक एकच असते, तेव्हा ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांनी आधी विचारून घेतलेलं बरं.

जायचं कसं, तर यामानोते लाइनवर मेगुरो स्टेशनला उतरा आणि पश्चिमेकडच्या एक्झिटनं बाहेर पडा, तिथून चालत दोन-एक मिनिटं. (गंमत म्हणजे मेगुरो स्टेशन मेगुरो वॉर्डात नाहीच, ते शिनागावा वॉर्डात येतं, तोंकी मात्र खरोखर मेगुरोत आहे.) दारावर लांबलचक पांढरा कापडी पडदा असतो, नोरेन, तो दिसला की समजायचं उघडं आहे. दुपारचं जेवण इथं नाही. संध्याकाळी 4 ला उघडतं. मंगळवारी बंद, आणि महिन्यातल्या तिसऱ्या सोमवारी पण बंद, हे लक्षात ठेवा कारण प्रवासाला आलेल्या माणसाचा एक संध्याकाळचा प्लॅन असाच फुकट जातो. ४ वाजायच्या आधी दाराशी थोडे लोक जमलेलेच असतात, त्यांच्यात जाऊन उभं राहिलात तर पहिल्या फेरीत सीट मिळायचा चान्स चांगला.

आत शिरलात की दाराजवळचा माणूस लगेच विचारतो, रोसु का हिरे. सीट नंतर, ऑर्डर आधी. पहिल्यांदा जाणारा माणूस इथं थोडा गडबडतो कारण अजून मेनूकार्डसुद्धा बघितलेलं नसतं, तर मी सांगतो, रोसु म्हणा. सांगून झालं की भिंतीलगत जे बाक आहेत त्यावर जागा मिळेल तिथं बसायचं. नंबर नाही, चिठ्ठी नाही, टोकन नाही, कोण कुणाच्या आधी आलं आणि कोणी काय सांगितलं हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात असतं. बाकावर लोक कुठंही सरकतात, एखादा मधेच उठून फोनवर बोलायला बाहेर जाऊन येतो, तरी तुमचा नंबर आला की तो बरोबर तुमच्याकडंच बघून हात करतो आणि तुम्ही बसल्यावर समोर बरोबर तुमचंच ताट येतं. भरलेल्या हॉटेलात हे करणं सोपं नाही, मी बसल्याबसल्या आजूबाजूच्या चार-पाच जणांचा क्रम लक्षात ठेवायचा प्रयत्न करतो तर तेवढ्यातच गोंधळ होतो.

त्या बाकावर बसून वाट बघण्यात मला कधी कंटाळा आलेला नाही. खालच्या मजल्यावर मधोमध मोठं उघडं किचन आणि त्याच्या तीन बाजूंनी फिक्या रंगाच्या हिनोकी लाकडाचा लांब काउंटर, आणि तो काउंटर इतका घासूनपुसून ठेवलेला की अख्ख्या हॉटेलात चरबीचं तळण चाललंय यावर विश्वास बसत नाही. भिंती, कपाटं, भांडी, सगळं जुनं आहे पण सगळं स्वच्छ. आतली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत. एक जण मांसाला पीठ-अंडं-चुरा लावतोय, एक जण कढयांपाशी उभा, एक जण फक्त कापतोय, बाकीचे भात वाढतायत, सूप वाढतायत, कोबी घेऊन फिरतायत. कोणी कोणाला ओरडून काही सांगत नाही. प्रत्येकाला आपलं काम माहितीये आणि शेजारच्याचं काम कुठवर आलंय ते पण माहितीये. गर्दीच्या वेळी सुद्धा कोणी धावत नाही. मला वाटतं मेनू तीनच पदार्थांचा ठेवल्याचा खरा फायदा हा आहे, कारण तेच काम रोज करून करून हाताला जी सवय होते ती चाळीस पदार्थांच्या मेनूत कधीच होणार नाही.

आता तळण्याबद्दल, कारण तोंकीचा कात्सु बाकीच्यांपेक्षा वेगळा लागतो तो इथंच. नेहमीच्या पद्धतीत मैदा एकदा, अंडं एकदा, चुरा एकदा असं असतं. इथं मांस पिठात घोळवून अंड्यात बुडवायचं, परत पिठात, परत अंड्यात, असं पुन्हा पुन्हा करतात आणि मग चुरा. त्यामुळं मांसाभोवती एक पातळसं अंड्याचं कवच तयार होतं आणि त्याच्या बाहेर चुऱ्याचं कुरकुरीत आवरण. मग तो तुकडा फार तापलेल्या नाही अशा चरबीत सोडतात आणि निवांत तळू देतात, पंधरा-वीस मिनिटं आरामात जातात. दुसरीकडं कात्सु सोडला की कढई कशी खळखळते, इथं आवाज बारीक असतो. मंद आचेवर तळल्यामुळं मांस आवळून घट्ट होत नाही आणि आतला रस आतच राहतो, चुऱ्याला मात्र रंग यायला वेळ मिळतो, आणि रंग येतो तो चांगला गडद तपकिरी.

पावाचा चुरा, म्हणजे पानको, याबद्दल पण दोन शब्द सांगतो कारण निम्मा खेळ त्याचाच आहे. आपल्याला पाकिटातला बारीक कोरडा ब्रेडक्रम्स माहीत असतो, तो पिठासारखा चिकटतो आणि तळल्यावर त्याचा एक सलग कडक थर होतो. जपानी पानको चपट्या, टोकदार पापुद्र्यांसारखा असतो. कारखान्यात त्याच्यासाठी पाव भाजायची एक खास पद्धत आहे, कणकेतून वीजप्रवाह सोडून पाव शिजवतात, त्यामुळं पावाला तपकिरी साल येतच नाही, सगळा पाव आतून-बाहेरून पांढरा, आणि मग त्याचा चुरा करतात. चांगल्या कात्सुच्या हॉटेलांत बऱ्याचदा न वाळवलेला, थोडा ओलसर पानको वापरतात, त्याला नामापानको म्हणतात, तळल्यावर त्याचे काटे उभे राहतात आणि दाताखाली हलके तुटतात. रवा लावून तळलेल्या सुरमईचा जो खुसखुशीतपणा असतो ना, त्याच्या जवळ जाणारं पण जास्त हवेशीर असं काहीतरी.

आणि एक गोष्ट जी ग्राहकाला दिसत नाही पण जिच्यामुळं कात्सु सपाट राहतो. रोसुच्या तुकड्यात चरबीचा पट्टा आणि मांस यांच्यामधे एक चिवट शीर असते, तळताना ती आकसते आणि तुकडा वाटीसारखा वळतो, मग एका बाजूला जास्त शिजतो, एका बाजूला कमी. म्हणून आधीच सुरीच्या टोकानं त्या शिरेला जागोजागी छेद देऊन ठेवतात. घरी कोणी करणार असाल तर हे विसरू नका, बाकी काही चुकलं तरी चालेल.

तळून झालं की कापणारा माणूस तो तुकडा फळीवर घेतो आणि सुरीचा तो खर्र आवाज येतो, अख्ख्या काउंटरवरचे लोक त्या आवाजाकडं वळून बघतात. बहुतेक हॉटेलांत फक्त उभे काप असतात. तोंकीत रोसुला मधून एक आडवा काप पण देतात, म्हणजे लांब पट्ट्यांऐवजी एका घासात बसतील असे तुकडे होतात. मला हे फार आवडतं. लांब पट्टी चॉपस्टिकनं उचलून अर्धी तोडायची, मग उरलेली अर्धी ताटात ठेवायची, त्यात आवरण सुटतं आणि सगळा विचका होतो, इथं तो प्रश्नच नाही.

रोसु की हिरे यावर लोक तासभर वाद घालू शकतात. रोसु म्हणजे पाठीकडचं मांस, त्याला एका कडेनं चरबीचा पट्टा असतो. हिरे म्हणजे आतलं एकदम मऊ मांस, चरबी जवळजवळ नाही. पचायला हलकं हवं, चरबी तोंडात आली की नको वाटतं, अशा माणसानं हिरे घ्यावा आणि तो वाईट मुळीच नाही, तोंकीचा हिरे फार सुंदर मऊ असतो. पण मी रोसुच्या बाजूचा. कात्सुची खरी चव त्या चरबीच्या कडेला आहे, ती गरम असताना तोंडात विरघळते, थोडी गोडसर लागते, आणि तिच्यामुळंच शेजारचा मांसाचा तुकडा पण रसाळ वाटतो. अगदी कडेचा तुकडा सगळ्यात चरबीवाला असतो, तो मी मुद्दाम मधेच कुठंतरी खातो, शेवटाला ठेवला तर तोपर्यंत गार होतो आणि गार चरबी म्हणजे सगळी मजा गेली. पहिला घास मधल्या तुकड्याचा घ्या, तिथं मांस सगळ्यात नीट शिजलेलं असतं.

खायचं कसं यालाही थोडा क्रम आहे, निदान माझा तरी आहे. पहिला तुकडा नुसता, काहीही न लावता. दुसरा चिमूटभर मीठ लावून. मग काराशी, म्हणजे जपानी पिवळी मोहरी, ती नाकात जाते म्हणून अगदी टोकाएवढी घ्या, चरबीच्या तुकड्याबरोबर ती एकदम जमून जाते. सॉस सगळ्यात शेवटी. तोंकात्सुचा सॉस घट्ट, तपकिरी, आंबटगोड असतो, टोमॅटो, कांदा, सफरचंद अशा फळभाज्या, व्हिनेगर आणि मसाले घालून केलेला, मूळ वूस्टर सॉसच्या घराण्यातला पण इथल्या लोकांनी आपल्या चवीनं गोड आणि दाट केलेला. सॉस चांगलाच आहे. पण मी बघतो की लोक ताट आलं की पहिल्या मिनिटाला अख्ख्या कात्सुवर सॉस ओततात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या आवरणासाठी त्या माणसांनी वीस मिनिटं उभं राहून वाट बघितली ते दोन मिनिटांत भिजून जातं. बाजूला ओता, एकेक तुकडा बुडवून खा, किंवा खायच्या क्षणी एकेका तुकड्यावर टाका.

ज्यांना मांसाला घट्ट चिकटलेलं आवरण आवडतं त्यांना तोंकीची पद्धत वेगळी वाटेल हे मात्र सांगतो. इथं कवच आणि मांस हे जरा वेगवेगळे राहतात, चावताना आधी कवच कुरकुरतं, मग मांस येतं, कधीकधी तुकडा उचलताना आवरण थोडं सरकतं. मांसाची जाडी सुद्धा आजकालच्या नव्या हॉटेलांसारखी दोन बोटं नसते. गेल्या काही वर्षांत टोकियोत एक नवीन स्टाइल आलीये, खूप जाड तुकडा, अगदी कमी तापमानावर तळलेला, आवरण जवळजवळ पांढरं, मधे गुलाबी, आणि डुकराच्या जातीचं नाव मेनूवर मोठ्या अक्षरात, कागोशिमाचं काळं डुक्कर, ओकिनावाचं आगु, तोक्यो एक्स वगैरे. ते खाऊन बघाच, मांसाची चव त्यात जास्त कळते. पण तो कात्सु आणि तोंकीचा कात्सु यांची स्पर्धा लावायला मी तयार नाही. तोंकीत आवरण हाच अर्धा पदार्थ आहे आणि गडद, कडक, चरबीच्या वासाचं ते आवरण मला त्या पांढऱ्या आवरणापेक्षा जास्त समाधान देतं.

कोबीबद्दल. आपल्याला वाटतं ताट भरायला बाजूला काहीतरी ठेवलंय, तसं अजिबात नाही. तळणीचे चार घास झाले की जीभ जड होते आणि तेव्हा हा गार, कुरकुरीत, पाणीदार कोबी तोंड साफ करतो, मग पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. याची पण एक जुनी गोष्ट आहे. गिंझामध्ये रेंगातेइ नावाचं हॉटेल आहे, 1895 चं, युरोपियन पद्धतीचं जेवण जपानी लोकांना देणारं. मेइजी काळात 1872 मध्ये सम्राटानं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि त्यानंतर शहरांत मांसाहारी पदार्थ हळूहळू रुळायला लागले, त्यातूनच अशी हॉटेलं आली. रेंगातेइत 1899 मध्ये डुकराचं कटलेट तेंपुरासारखं भरपूर तेलात तळून द्यायला सुरुवात केली, त्याआधी युरोपियन पद्धतीनं लोण्यात परतून करायचे आणि ते इथल्या लोकांना जड व्हायचं. सोबत आधी शिजवलेल्या भाज्या असायच्या, पण 1904 मध्ये रशियाशी युद्ध सुरू झालं, किचनमधली तरुण मुलं सैन्यात गेली आणि भाज्या शिजवायला हात कमी पडले म्हणून कच्चा कोबी चिरून द्यायला लागले, असं सांगतात. ती सोय लोकांना इतकी आवडली की आज जपानात कोबीशिवाय कात्सुचं ताट कुठंच दिसत नाही.

तोंकीत कोबी आणि भात परत परत मागता येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मागायची पण गरज फारशी पडत नाही, कोबी संपत आला की वाढणारी बाई स्वतःच भांडं घेऊन समोर येते आणि बघते, मान हलवली की ताटात डोंगर. भात छान, दाणा वेगळा पण चिकट, गरमागरम. सूपमध्ये इथं साधा मिसो नाही, तोंजिरु असतं, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे घालून केलेलं मिसो सूप, आणि ते नुसतं भाताबरोबर दिलं तरी मी जेवेन असं आहे. लोणचं थोडंसं, खारट, ठीक.

पैशांचं सांगायचं तर एका तेइशोकुला दोन हजार येनच्या वर जातात. टोकियोत हे स्वस्तही नाही आणि फार महाग पण नाही. मात्सुनोयासारख्या चेनमध्ये मशीनवर तिकीट काढून हजार येनच्या आत रोसुकात्सुचं ताट मिळतं आणि ऑफिसच्या दुपारी पोट भरायला ते अगदी व्यवस्थित आहे, मी स्वतः जातो. नव्या, डुकराच्या जातीवाल्या हॉटेलांत तेच ताट तीन-चार हजारांच्या पुढं सहज जातं. त्या मधल्या भावात तोंकी जे देतं ते मला योग्य वाटतं, आणि टिप वगैरे द्यायची इथं पद्धत नाही, बिल होईल तेवढंच.

मधल्या भावातच एका मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या हॉटेलचा मला फार वाईट अनुभव आला. ताट पाच मिनिटांत हजर, तेव्हाच शंका आली. कात्सुच्या खालची बाजू ओली, तेलाचा जुना वास, मांस कोरडं आणि सॉस आधीच वरून ओतलेला. भात चांगला होता म्हणून जेवलो. यावरून दोन गोष्टी बघायला शिकलो त्या सांगून ठेवतो. एक, ताट फार पटकन आलं तर तो कात्सु आधीच तळून ठेवलेला असायची शक्यता जास्त, जाड तुकडा ताजा तळायला वेळ लागतोच लागतो. दुसरं, बऱ्याच चांगल्या ठिकाणी कात्सु ताटात थेट न ठेवता छोट्या तारेच्या जाळीवर ठेवून देतात, म्हणजे खालच्या बाजूला वाफ धरत नाही. जाळी नसली म्हणजे हॉटेल वाईट असं मुळीच नाही, पण जाळी नाही आणि खाली कोबीचं पाणी साचलंय असं दिसलं तर आधी ते तुकडे खाऊन टाका.

कोणाबरोबर जावं? दोघांनी गेलं तर सगळ्यात उत्तम, काउंटरवर शेजारी शेजारी सीट मिळायला फार थांबावं लागत नाही. वरच्या मजल्यावर टेबलं आहेत, मुलंबाळं किंवा चार-पाच जणांचा ग्रुप असेल तर तिकडं सोयीचं पडतं, पण पहिल्यांदा जात असाल तर थोडं जास्त थांबा आणि खालीच बसा, वर बसलं की ते किचन दिसत नाही आणि मग तोंकीला येण्यातला अर्धा आनंद राहून जातो. आई-बाबा आले होते तेव्हा बाबांना इथं घेऊन गेलो होतो. बाबा तसे हॉटेलात गेले की दहा मिनिटांत "अरे कधी येणार रे" सुरू करतात, इथं बाकावर बसून किचनकडं बघत राहिले आणि ताट आल्यावरच बोलले, "हे लोक काम फार नेटकं करतात रे." आई पोर्क खात नाही, ती त्या संध्याकाळी घरीच थांबली, तिला दुसऱ्या दिवशी कोळंबीचा एबीफुराय खायला वेगळीकडं नेलं आणि तो तिला इतका आवडला की पुढं तिनं दोनदा त्याची आठवण काढली.

तोंकीला जाऊन आलात आणि कात्सुची गोडी लागली तर पुढं कुठं, हेही सांगतो. उएनोकडं गेलात तर पॉन्ता होन्के आहे, 1905 चं, शाही घराण्याच्या किचनमध्ये काम केलेल्या माणसानं काढलेलं, तिथला कात्सु फिका, शांत चवीचा, आणि किंमत बरीच जास्त. त्याच भागात इसेन, 1930 चं, चॉपस्टिकनं तुटेल इतका मऊ कात्सु ही त्यांची ओळख, आणि कात्सुचं सँडविच म्हणजे कात्सुसांदो हे त्यांनीच 1935 मध्ये सुरू केलं असं ते सांगतात. पाव छोटा ठेवला तो गेइशांना लिपस्टिक न बिघडवता खाता यावं म्हणून. ट्रेनमध्ये न्यायला ते बेस्ट, गार झालं तरी चांगलं लागतं. आओयामाला माइसेन आहे, त्यांची जागा पूर्वी सार्वजनिक स्नानगृह होती, वरचं उंच छत अजून तसंच आहे, आणि मोठं हॉटेल असल्यामुळं कुटुंबाबरोबर जायला बरं. नागोयाला जाणं झालं तर याबातोनचा मिसोकात्सु खा, लालसर काळ्या दाट मिसोचा रस्सा वर घातलेला असतो, तिथं मात्र वरून ओतणं हीच पद्धत आहे आणि ती त्या चवीला शोभते. क्योतोहून आलेल्या कात्सुकुरामध्ये तिळाची छोटी खलबत्त्यासारखी वाटी देतात, तीळ स्वतः कुटायचे आणि त्यात सॉस घालायचा, लहान मुलांना हे काम दिलं की ताट येईपर्यंत ती गुंतून राहतात.

कुशिकात्सुबद्दल बोलायचं राहिलंच. तोंकीच्या मेनूवरचा हा तिसरा पदार्थ फार कमी लोक मागवतात. काडीला लावलेले मांसाचे तुकडे आणि मधे कांदा, तळून कांदा गोड होतो आणि त्याचा रस मांसाला लागतो. रोसु खाऊन झालेला असेल आणि परत जाणार असाल तर पुढच्या वेळी हा घ्या, किंवा दोघं असाल तर एकानं रोसु आणि एकानं कुशिकात्सु घेऊन वाटून खा.

जेवण झालं की तिथं गप्पा मारत बसू नका. कोणी उठवत नाही, पण मागं बाकावर लोक तुमच्या सीटकडं बघत बसलेले असतात आणि तुम्हीही थोड्या वेळापूर्वी तिथंच होतात. गप्पा मारायला मेगुरो नदीकडं उतरत जा, चालत पाच-सात मिनिटांवर आहे आणि एवढं तळण खाल्ल्यावर चालणं गरजेचंच असतं. आणि चांगला लोकरीचा कोट घालून जाऊ नका, काउंटरच्या सीटवर बसलात तर चरबीचा वास कपड्यांना लागतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही.